माझे डोळे आले नव्हते

आईचा जलदानविधी उरकून परभणीहून रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. साल 2023, ऑगस्ट महिना. घरी न जाता थेट कामावर गेले. मी एका कॅन्टीनमध्ये चपात्या लाटते. ठेकेदाराचे काम, भरेल त्या दिवसाचा रोज. दारातच मुकादम म्हणाला, "बाई, तुमचे डोळे आलेत. आत येऊ नका. डॉक्टरची चिठ्ठी आणा."

त्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ होती, म्हणून त्याचे सर्वस्वी चुकले असे मी म्हणणार नाही. पण माझे डोळे आले नव्हते. गाडीत रात्रभर तोंडावर पदर घेऊन रडले होते. चारचौघांत हे सांगायचे कसे? 'आई गेली' एवढे दोन शब्द तोंडातून फुटेनात.

सरकारी दवाखान्यात केसपेपर काढून रांगेत बसले. नंबर लागला दुसऱ्या दिवशी. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून पाहिले. चिकट घाण येते का, सकाळी पापण्या चिकटतात का, खडा गेल्यासारखे टोचते का, असे विचारले. मी तिन्हींना नाही म्हटले. तेव्हा हळूच म्हणाल्या, "रडताय का फार?" झाले! तिथेच पुन्हा बांध फुटला.

बाईंनी रडू दिले, मग समजावून सांगितले. पापणीची कातडी शरीरात सर्वांत पातळ. खूप रडले की तिच्यात पाणी धरते, रक्ताच्या बारीक नळ्या फुगतात, म्हणून सूज आणि लाली. अश्रूंची वाट डोळ्याच्या कोपऱ्यातून नाकात जाते, म्हणून रडताना नाकही वाहते. आपण पदराने खसाखसा पुसतो, त्याने सूज आणखी वाढते. पाणी टिपावे, चोळू नये.

उपाय म्हणाल तर बिनपैशाचा. हात धुवून स्वच्छ सुती फडके माठातल्या पाण्यात भिजवावे, पिळावे, मिटल्या डोळ्यांवर दहा मिनिटे ठेवावे. गरम झाले की पुन्हा भिजवावे. बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळूनच, नुसता कातडीवर नको. रात्री उशी जरा उंच घ्यावी. सपाट झोपले की पाणी पापण्यांत साचते आणि सकाळी तोंड ओळखू येत नाही. एवढ्याने काही तासांत उतार पडतो.

आमच्या चाळीत कोणी मध घालते, कोणी गुलाबपाणी, बाळंतिणीचे दूधसुद्धा! डोळ्यात यातले काही घालू नये. औषधाच्या दुकानातून लाली घालवणारे थेंब आणून रोज टाकले तर लाली पुन्हा उलटते. स्टेरॉइडचे थेंब तर डॉक्टरांशिवाय कधीच नकोत, डोळ्यातला दाब वाढून नजर जाऊ शकते. डोळा दुखत असेल, धूसर दिसत असेल, उजेड सोसत नसेल, किंवा रडणे थांबल्यावरही दोन दिवस लाली हटत नसेल, तर दवाखाना गाठावा. न रडताच रोज सकाळी डोळे सुजत असतील, पायही सुजत असतील, तर लघवी तपासून घ्यावी. तो मूत्रपिंडाचा दोष असू शकतो.

चिठ्ठी मिळाली. दोन दिवसांचा रोज बुडाला तो बुडालाच. आई गेल्याचे मुकादमाला चिठ्ठीवरूनही कळले नाही. तिच्यावर एवढेच लिहिले होते की संसर्ग नाही.

गेल्या महिन्यात भांडी घासणारी आमची एक पोरगी तशीच लाल डोळे घेऊन आली. घरचे काय झाले होते ते तिने सांगितले नाही, मी विचारले नाही. मुकादम बाहेर चहाला गेला होता. मी तिला पिठाच्या पोत्यांमागे बसवले, धुतलेला पंचा माठात बुडवून पिळला आणि तिच्या डोळ्यांवर ठेवला. "मावशी, तो आला तर?" म्हणाली. म्हटले, "येऊ दे. दहा मिनिटे हलू नकोस. तुझी भांडी मी घासते."