मोठ्यानं वाचलेली बेरीज

आमच्या दारव्हा तालुक्यात पैसा वर्षातून एकदा येतो. पऱ्हाटीला बोंडं फुटली, वेचे झाले, गाडी जिनिंगवर जाऊन काटा झाला, की येतो. बाकीचं वर्ष माणसं त्याच्या नावावर काढतात. किराणा कापसावर, खताच्या गोण्या कापसावर, दवाखाना कापसावर, पोरीचं लग्नही कापसावर. ‘कापसावर देतो नं भाऊ’ हे वाक्य मला कळू लागल्यापासून कानावर आहे. ऐकणारा मान हलवतो, कारण त्यानंही पुढे कुणाला तरी तेच सांगून ठेवलेलं असतं.

अशा पैशाशी नातं हिशोबाचं राहत नाही. ते धाकाचं होतं, लाजेचं होतं, मधेच दोन दिवस भलत्या दिलदारीचं होतं. चुकारा हाती आला की बाबा दारव्ह्याहून शेवचिवडा, आईला लुगडं, मला बूट घेऊन येत. तिसऱ्या दिवसापासून ओसरीवर माणसं यायची. चहा घ्यायची, पाण्यापावसाचं बोलायची. जायला निघाली की बाबा त्यांना सोडायला फाटकापर्यंत जायचे आणि पैशाचं बोलणं तिथे व्हायचं, हळू आवाजात. ते परत आले की आई त्यांच्या तोंडाकडे बघून रक्कम ओळखायची. रक्कम विचारायची नसते, हे आम्हा भावंडांना कुणी शिकवलं नव्हतं. तरी ठाऊक होतं.

आपल्या घामाचा हिशोब दुसऱ्याच्या वहीत, ही या गावाची जुनी सवय आहे. दारव्हा मोतीबाग स्टेशनावरून जायची ती शकुंतला आगगाडी कापसासाठीच जन्माला आली. यवतमाळ ते मूर्तिजापूर अरुंद रूळ, मूर्तिजापूरहून मोठ्या गाडीनं मुंबई, मुंबईहून विलायत. रूळ आमच्या काळ्या मातीतून गेले, मालकी किलिक निक्सननं उभ्या केलेल्या इंग्रजी कंपनीची राहिली, आणि स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं आपली रेल्वे त्या रुळांचा मोबदला कंपनीला देत होती. १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेलं इंजिन १९९४ पर्यंत इथे धूर सोडत धावलं. माणसं तिच्याबद्दल हळवं होऊन बोलतात, मीही बोलतो. पण तिच्यातून काय गेलं आणि कितीला गेलं, हे बोलताना कुणी दिसत नाही.

पुढे १९७२ पासून राज्यानं एकाधिकार खरेदी आणली. सरकारच गिऱ्हाईक, ग्रेडर प्रत ठरवणार, पैसे हप्त्यांनी. त्या योजनेचं भलंबुरं अर्थशास्त्रज्ञांनी मांडलं आहे. मला तिच्यातलं एवढंच दिसतं की सावकार बदलला, अडत्या बदलला, खुद्द सरकार आलं, तरी आकडा ऐकून घेण्याची आमची रीत तीच राहिली. ऐकायचा आणि गप्प बसायचं.

मला अमरावतीला मास्तरकी लागली तेव्हा वाटलं, सुटलो. दर महिन्याला पगार, ठरलेला, खात्यात. पण अंगात मुरलेलं वर्ष महिन्यात मावायला तयार नव्हतं. पहिल्या आठवड्यात मी चुकारा आलेल्या बाबांसारखा वागायचो आणि वीस तारखेनंतर बँकेचा मेसेज न उघडता बाजूला सारायचो. फ्लॅटचं कर्ज घेतलं. घरी सांगितलं ‘घेतला’, किती वर्षांच्या हप्त्यांवर ते नाही सांगितलं. नोकरीवाल्या पोराला कर्ज असतं, ही गोष्ट आमच्या घरात बसण्यासारखी नव्हती. कर्ज शेतकऱ्याला असतं.

पैशाकडे बघण्याची दृष्टी बदला, असं सांगणारी पुस्तकं आणि व्हिडिओ मी बरेच बघितले. आरशासमोर उभं राहून म्हणायची वाक्यंही त्यात होती. ती म्हणताना मला हसू यायचं. पैशाची लाज माणसाला एकट्यानं लागत नाही. ती चार माणसांत लागते, आणि जायची असेल तर चार माणसांतच जाते. हे मला आईच्या बचत गटात कळलं.

गटाची बैठक आमच्याच ओसरीवर भरते. सतरंजी, मधे लोखंडी पेटी, एक रजिस्टर. नियमित बैठक, बचत, आपसातलं कर्ज, परतफेड आणि हिशोब लिहिणं, ही त्यांची पंचसूत्री. बहुतेक जणी रोजानं किंवा किलोच्या हिशोबानं कापूस वेचणाऱ्या. सचिव बाई रजिस्टर उघडून एकेकीचं नाव वाचते: बचत इतकी, घेतलेलं इतकं, फेडलेलं इतकं, राहिलं इतकं. मोठ्यानं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाच अवघडल्यासारखं झालं. वाटलं, कुणाचं राहिलेलं असं सगळ्यांसमोर वाचतात का? एकीचे हप्ते थकले होते. तिनं खाली बघितलं नाही. सांगितलं, नवरा दवाखान्यात होता, पुढच्या महिन्यात अर्धा देते. बाकीच्यांनी दवाखान्याचं विचारलं, अर्धा हप्ता लिहिला आणि पुढचं नाव घेतलं. जो आकडा आमच्या फाटकापाशी उभ्या जन्मात कुणी मोठ्यानं उच्चारला नाही, तो या बाया चहा पिता पिता वाचत होत्या.

न उच्चारलेल्या आकड्याचं काय होतं, हे यवतमाळ जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. माणूस गेल्यावर बाईला कळतं, कुणाकुणाचे किती होते. घेणेकरी एकेक करून येतात तेव्हा कर्जाची बेरीज पूर्ण होते. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरच्यांना २००५ पासून एक लाखाची सरकारी मदत आहे, तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीत. पण त्याआधी प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागतं, आणि हातउसनं घेतलेल्या, कागद नसलेल्या पैशाचा पुरावा ती बाई कुठून आणणार? पीक बुडणं, भाव पडणं ही कारणं खरीच आहेत. लपवलेला आकडा त्यांच्यावर आणखी ओझं ठेवतो.

गाडगेबाबांना हे फार आधी उमगलं होतं. अंगठा आणि व्याज यांनी मामाची शेती कशी गिळली, ते त्यांनी स्वतः बघितलं होतं. पुढे कीर्तनात ते समोरच्या माणसांना प्रश्न विचारत. सणाला कर्ज काढता काय, लग्नाला काढता काय, फेडता कशातून? हजार माणसांत उत्तर द्यावं लागे. लाखोंच्या धर्मशाळा उभ्या करून स्वतःसाठी काही न ठेवणारा हा माणूस पैशाला तुच्छ मानत होता, असं म्हणतात. मला तसं वाटत नाही. तुच्छ मानणारा माणूस व्याजाबद्दल इतकं बारीक विचारत नाही.

२०२२चा हिवाळा. आदल्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेलेला, म्हणून या वर्षी कुणी विकायला तयार नव्हतं. भाव आठ हजारांच्या आसपास घुटमळत होता. गावोगाव घरात कापूस. आमच्याकडे मधल्या खोलीत छतापर्यंत गंजी, आणि सगळ्यांच्या अंगाला खाज. बाबा रोज म्हणत, ‘चढन, थांब जरासा.’ मार्च जवळ येत होता. सोसायटीचं कर्ज वेळेत भरलं तर बिनव्याजी. नाहीतर दरवर्षीचं नवं-जुनं, म्हणजे चार दिवसांसाठी कुणाकडून तरी उचलायचं, भरायचं, नवं काढून त्याचं त्याला द्यायचं. त्या चार दिवसांना काय पडतं, ते बाबांनी कधी सांगितलं नव्हतं. कर्जमाफ्या २००८ला आल्या, २०१७ला आल्या, २०१९ला आल्या. वेळेवर भरणारे बाबा प्रत्येक वेळी वेड्यात निघाले. त्यांच्या गप्प राहण्यात तो रागही होता.

आईनंच एका रात्री गटाचं रजिस्टर बाजूला ठेवून कोरी वही काढली. ‘सांगा,’ म्हणाली. ‘सोसायटीचे किती?’

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग सांगितलं. आईनं लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं. कृषी केंद्राचे. ट्रॅक्टरवाल्याचे. वेचाईचे राहिलेले. चार दिवसांच्या उचलीचे सांगताना आवाज खाली गेला, तर आई म्हणाली, ‘आयकू नाई आलं.’ त्यांनी पुन्हा सांगितलं. बेरीज मोठी होती, पण मी मनात धरून बसलो होतो त्याहून कमी निघाली. देणं भागेल एवढा कापूस त्याच आठवड्यात विकायचा आणि उरलेल्यावर भावाची वाट बघायची, हे ठरायला दहा मिनिटं लागली. पुढे भाव आणखी उतरला. उरलेल्यावर तोटा झाला, आणि तोही वहीत लिहिला गेला.

पण त्या रात्री वही मिटली नव्हती. बाबा माझ्याकडे वळले. ‘आन तुह्या घराचे किती रायले?’

मी म्हटलं, ते माझं मी बघतो.

‘मी बी तेच म्हनत होतो एवढे सालं,’ बाबा म्हणाले.

मी आकडा सांगितला. सतरा वर्षं उरलीत, तेही सांगितलं. आईनं ट्रॅक्टरवाल्याच्या खाली माझं नाव लिहिलं, आकडा मोठ्यानं वाचला आणि पेन न उचलता विचारलं, ‘व्याज?’