चित्र कोणाचे, कथा कोणाची

मालवणातल्या आमच्या एका विद्यार्थ्याने अ‍ॅनिमेशनचा अभ्यासक्रम निवडला तेव्हा, या क्षेत्राचे भवितव्य उज्ज्वल आहे असे आम्हीच त्याच्या वडिलांना पटवून दिले होते. वडील रापणीवर जाणारे. त्यांनी विश्वास ठेवला. मुलगा मुंबईत एका स्टुडिओत लागला. काम रोटोस्कोपिंगचे: एका सेकंदाची चोवीस चित्रे, आणि प्रत्येकातील नटाची कड रेखून त्याला पार्श्वभूमीपासून सोडवायचे. पुढे हेच काम स्वयंचलित साधने करू लागली आणि तो गावी परतला.

आमचा हिशेब कुठे चुकला? उद्योग वाढला हे खोटे नव्हे. १९९५ साली ‘टॉय स्टोरी’ हा संपूर्णपणे संगणकावर घडलेला पहिला दीर्घ चित्रपट आला. पुढे परदेशी चित्रपटांची कामे मुंबई-बंगळूरपर्यंत पोचली. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने या उद्योगासाठी स्वतंत्र धोरणही मंजूर केले. पण वाढ उद्योगाची आणि वाढ कारागिराची, या दोन गोष्टी आम्ही एकच धरल्या. ‘लाइफ ऑफ पाय’मधला वाघ घडवणारी ‘ऱ्हिदम अँड ह्यूज’ ही कंपनी फेब्रुवारी २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच महिन्यात त्या कामाला ऑस्कर मिळाले. चित्रपटाने अमाप पैसा कमावला, पण घडवणाऱ्यांचे काम ठरल्या मोबदल्याचे होते.

एकदा त्या मुलाला घेऊन आम्ही कुडाळजवळच्या पिंगुळीला गेलो. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आपल्याला ऐकून ठाऊक असते. एक चित्र पुढे धरायचे, गात-सांगत प्रसंग उलगडायचा, मग दुसरे चित्र. परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय करून ती जपली. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथ्याचे दिवस सुखाचे होते असे आम्ही म्हणणार नाही. राजाश्रय गेल्यावर त्याच्या वाट्याला हलाखीच आली. परंतु हातातले चित्र आणि मुखातली कथा, दोन्ही त्याची होती.

परतताना मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “सर, रापणीत दोर ओढणाऱ्याक पण वाटो गावता. थंय नुसती मजुरी.”

येत्या जूनमध्ये कोणी पालक पुन्हा विचारायला येतील. भवितव्य आहे, असेच आम्ही सांगू. पण त्यात तुमच्या मुलाचा वाटा कोणता, हेही त्यांना विचारायला लावू.