मार्फत

पेन्शनचं खातं बंद पडणार, असं पत्र संगणकावर दिसलं तेव्हा अस्मादिकांच्या हातातला चहा हिंदकळला. खाली पत्ता होता. सुरुवातीलाच बँकेचं नाव! बोट पुढे सरकलं, तोच भाचा ओरडला, "मामा, थांबा!"

असली टपालं गाळण्याचीच त्याला नोकरी. म्हणाला, "मधलं @ बघा. त्याच्या अलीकडचं सगळं शोभेचं. खरं घर पलीकडे." म्हणजे 'श्री. अमुक, मार्फत तमुक'! पत्र जायचं तमुकाकडेच.

पलीकडे तर नुसता दहा आकडी नंबर. हा पत्ता की टेलिफोन? मग त्यानं हिशेब मांडला. १२७.०.०.१ हा यंत्राचा चौकडी पत्ता २५६ च्या पटीनं एकत्र केला की २१३०७०६४३३ होतो. शिवाय %६१ लिहिलं की धाकटा इंग्रजी 'ए'. ब्राउझरला हे बिनबोभाट कळतं. कळत नाही ते फक्त पेन्शनरांना. २००१ साली आलेल्या 'स्पॅमअ‍ॅसॅसिन'सारख्या चाळण्या आधी ही सोंगं उतरवतात, मग उघडं पडलेलं नाव काळ्या यादीत शोधतात. आमच्या वाड्यातला गुरखाही एवढी चौकशी करत नसे.

"मग तुझ्या चाळणीतून हे सुटलं कसं?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"सुटलं नव्हतं. स्पॅमच्या पेटीत होतं. तुम्ही बाहेर काढलंत."

बँकेचं पत्र चुकून कचऱ्यात गेलं, असं मला वाटलं होतं.

स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "पैसे आहेत ना शाबूत?"