'काय करतोस?' एवढ्यावर थांबू नका

दहावी-बारावीचा निकाल लागला की वस्तीतल्या मुलामुलींना जो तो विचारतो, "पुढं काय?" दोन-तीन वर्षे गेली की तोच प्रश्न "सध्या काय करतोस?" असा होतो. उत्तर एका शब्दात हवे असते : कॉलेज, नोकरी किंवा 'घरीच'. ते पोर माणूस म्हणून कसे उभे राहत आहे, हे त्या एका शब्दात कुठे कळते?

आम्ही एका कार्यालयात कारकून आहोत. दिवसभर लोकांचे फॉर्म आमच्या हाताखालून जातात. संध्याकाळी वस्तीतल्या वाचनालयात बसतो. गेली काही वर्षे आम्ही आणि तिथले कार्यकर्ते सतरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींशी निवांत बोलतो आणि त्यांचे म्हणणे वहीत लिहून ठेवतो. शिष्यवृत्ती, आयटीआय, नोकरीच्या जागा यांची माहिती कुणाला हवी ते समजावे, हा मूळ हेतू. पण वही भरत गेली तसे ध्यानात आले, की माणूस 'मोठा' केव्हा होतो हे कागदावरून ठरत नाही. कायद्याने 18 व्या वर्षी सज्ञान, 1989 पासून मतदानही 18 व्या वर्षी. लग्नाला मुलीचे वय 18, मुलाचे 21. घरातली जबाबदारी मात्र वय विचारून येत नाही.

हाच विषय घेऊन इंग्लंडातील लेस्टर शहरात 1962 ते 1964 या काळात मोठी पाहणी झाली होती. तेव्हा तिथे 15 व्या वर्षी शाळा सोडता येई. कामगारांची पोरे होजिअरीत, बुटांच्या कारखान्यात, इंजिनिअरिंग वर्कशॉपमध्ये लागत. या पाहणीमागे नॉर्बर्ट इलियास हे समाजशास्त्रज्ञ होते. ते जर्मनीतले ज्यू. हिटलर सत्तेवर आल्यावर देश सोडून आलेले. शाळेतून एकदम मोठ्यांच्या जगात पडल्यावर मुलांना धक्का बसत असणार, असा त्यांचा अंदाज होता. 882 मुलाखती झाल्या. पुढे ते कागद विद्यापीठाच्या पोटमाळ्यावर पडून राहिले. 2000 च्या सुमारास जॉन गुडविन आणि हेन्रिएटा ओकॉनर या अभ्यासकांच्या हाती ते लागले. त्यांनी जुन्या मुलाखती वाचल्या आणि त्यातल्या 97 जणांना शोधून पुन्हा बोलते केले. तोवर त्या माणसांचे केस पिकले होते आणि ज्या कारखान्यांत ती लागली होती, त्यातले बरेच बंद पडले होते. शाळा सुटली, काम लागले, संसार थाटला, असा सरळ रस्ता त्या भरभराटीच्या दिवसांतही सगळ्यांना मिळाला नव्हता, हे त्या कागदांतून दिसले.

हे वाचले तेव्हा आम्हाला आमचे थोरले भाऊ आठवले. जानेवारी 1982 मध्ये मुंबईत गिरणी संप सुरू झाला, तेव्हा ते आठवीत होते. वडील गिरणीत. संप लांबला आणि भावाने शाळा सोडून एका गॅरेजमध्ये काम धरले. त्यांच्या पैशांवर आम्ही धाकटे शिकलो, आम्ही बी.कॉम. झालो. पण "तुला तेव्हा काय वाटलं?" असे त्यांना कुणी विचारले नाही. गिरणगावातल्या किती पोरांचे असे झाले असेल! त्यांची वही कुणी ठेवली नाही.

सरकारही विचारते. 2017 पासून देशात नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण होते. त्यात प्रत्येक माणसाला आकडा मिळतो : शिकत असेल तर 91, फक्त घरकाम करीत असेल तर 92, काम नाही पण हवे आहे तर 81. आकडे लागतात, त्यावाचून देशाचा हिशेब होत नाही. पण घरातला एक जण सगळ्यांची उत्तरे देऊ लागला, की गोंधळ होऊ शकतो.

आमच्या वस्तीतल्या एका मुलीचे उदाहरण घ्या. बारावी झालेली. आई म्हणाली, "भाऊ, ती घरीच असते. काय करत नाय." आम्ही मुलीला एवढेच म्हटले, "काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंस ते सांग." पाचला पाणी भरले. डबे केले. धाकट्या भावाला शाळेत सोडले. दुपारी चार साड्यांना फॉल लावले. पैसे? भावाच्या शिकवणीला जातात. म्हणजे ती पैसे मिळवत होती. सर्वेक्षणाच्या व्याख्येतही पैसे घेऊन घरी केलेली शिलाई हे काम धरतात. आई पाण्याला उठली तेव्हा मुलगी हळूच म्हणाली, "काका, मला नर्सिंग करायचंय. मला कुणी विचारलंच नाय."

आई परत आल्यावर आम्ही तो दिवस तिला वाचून दाखवला. नर्सिंगचे काही बोललो नाही. ते मुलीने स्वतः सांगायचे होते. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "फॉलचं पैसं आता हिच्याच खात्यात टाकते." मुलीने तेव्हा तोंड उघडले.

एक मुलगा मोटारसायकलवरून घरोघरी पार्सल पोचवतो. तीन वर्षे झाली, तरी सांगतो 'पार्टटाइम'. "आपण मोठे झालो असं केव्हा वाटलं?" असे विचारले. आम्हाला वाटले, पहिला पगार सांगेल. तो म्हणाला, "पप्पांच्या ऑपरेशनच्या कागदावर सही मी केली. त्या रात्री." हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

वाचकहो, यासाठी मोठी डिग्री लागत नाही. मुलाला वडीलधाऱ्यांसमोर विचारू नका. आधी त्याची परवानगी घ्या. 'काय करतोस?' ऐवजी 'कालचा दिवस कसा गेला?' विचारा. तो बोलेल तेच शब्द लिहा, आपले उपदेश मध्ये घालू नका. एकाची गोष्ट दुसऱ्या घरी सांगू नका. आणि वर्षाने पुन्हा जा, कारण वर्षात माणूस बदलतो आणि त्याचे उत्तरही.

आणि सुरुवात आपल्या घरापासून करा. येत्या रविवारी टीव्ही तासभर बंद ठेवून आपल्या लेकीला किंवा लेकाला कालचा दिवस विचारा. ऐकताना मध्ये बोलायचे नाही, एवढीच अट.