नाक्यावरचा पंचनामा



कऱ्हाडहून रात्री माल भरून पुण्याचे मार्केट यार्ड गाठणे, ही आपल्यापैकी अनेकांची नेहमीची वाट. उसाचे फड मागे पडतात, भुईंजजवळ कृष्णा ओलांडायची, खंबाटकीचा डोंगर पार करायचा. शिरवळच्या पुढे नीरा ओलांडली की पुणे जिल्हा लागतो. रस्ता रुंद आहे, थांबावे लागते ते टोलनाक्यावर. अशाच एका नाक्यावर गेल्या हंगामात आमच्यावर जो प्रसंग आला, तो तुमच्या उपयोगी पडावा म्हणून सांगतो.

पुतण्याच्या पिकअपमध्ये टोमॅटोचे क्रेट होते, मी शेजारी बसलो होतो. फास्टॅग वाचला गेला, दांडा वर गेला, गाडी पुढे सरकली आणि दांडा धाडकन खाली आला. समोरची काच तडकली, आरसा मोडला. मागे हॉर्न सुरू झाले. नाक्यावरचा पोरगा म्हणाला, "मशीन आहे, होतं असं. घ्या पुढं." पुतण्याही म्हणाला, "जाऊ द्या काका, बाजार चुकेल."

मी म्हटले, "अरे, गारपीट झाली तर पंचनाम्याआधी आपण रान नांगरतो का? मग इथेच घाई का?"

वाचकहो, या प्रसंगी काय करावे ते क्रमाने लक्षात ठेवा. प्रथम कोणाला इजा झाली आहे का ते पाहा. झाली असेल तर 112 वर फोन करा. गाडी हलवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. दांडा, मोडतोड, गाडीचा नंबर आणि लेनचा क्रमांक त्यात दिसला पाहिजे. मग गाडी बाजूला घ्या म्हणजे मागच्यांचा खोळंबा होणार नाही. टोल कापल्याचा संदेश मोबाइलवर आला असेल तर तो पुसू नका. पैसे भरून, ठरल्या वेळी तुम्ही त्या नाक्यावर होता याचा तो पुरावा आहे.

नंतर पाळीवरच्या प्रमुखाला बोलवा. तक्रार वहीत लिहा, त्याची सही घ्या, पानाचा फोटो काढा. कॅमेऱ्याचे चित्रण जपून ठेवावे, अशी मागणी त्यातच लिहा. जुने चित्रण काही दिवसांनी पुसले जाते. राष्ट्रीय महामार्ग असेल तर 1033 वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक टिपून घ्या. हातावर शेपाचशे ठेवून "तक्रार नाही" असे कोणी लिहून मागितले, तर सही करू नका.

दुरुस्तीपूर्वी विमा कंपनीला कळवा. फक्त तिसऱ्या पक्षाचा विमा असेल तर आपल्या गाडीची भरपाई त्यातून मिळत नाही. पूर्ण विमा असला तरी दावा केल्यावर पुढच्या हप्त्यातली सवलत जाते, म्हणून छोट्या खर्चासाठी हिशेब करून ठरवा. गॅरेजचे अंदाजपत्रक जोडून नाका चालवणाऱ्या ठेकेदाराकडे पोच घेऊन मागणी करा. दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तेथे फी नाही. काच बदलली की तिच्यावरचा फास्टॅगही जातो, तो बँकेकडून नवा घ्यायला विसरू नका.

आपलीही चूक असू शकते, हेही सांगतो. एक गाडी पुढे गेली की खाली यावा, असाच तो दांडा बसवलेला असतो. पुढच्या गाडीला चिकटून तिच्यामागोमाग निसटायला गेलात, तर तो तुमच्यावर पडणारच. अंतर ठेवा, आपला टॅग वाचला जाऊन दांडा पूर्ण वर गेल्याशिवाय गाडी पुढे काढू नका.

आम्हाला त्या दिवशी पाऊण तास उशीर झाला, भावही थोडा कमी मिळाला. पुतण्या वाटभर गप्प होता. पण दोन पत्रांनंतर काचेचे आणि आरशाचे पैसे त्याच्या खात्यावर जमा झाले. आता त्याने गाडीत एक वही आणि पेन ठेवले आहे. तुमच्याही गाडीत ते असू द्या.