आमच्या घराची शाकारणी

घराच्या भिंती आपण रंगवितो, अंगण सारवितो, दाराला तोरण बांधतो. परंतु ज्याच्या भरवशावर आपण निश्चिंत झोपतो, त्या छपराकडे मान वर करून पाहण्याचा प्रसंग क्वचितच येतो. खानापूर तालुक्यातील आमच्या घरी तो प्रसंग आला. माजघरात गळती लागली होती आणि आढ्याजवळच्या रिपा वाळवीने पोखरल्या होत्या. “कौले काढून टाका, स्लॅब ओता,” असा सल्ला बहुतेकांनी दिला. स्लॅब घालावयाचा म्हणजे मातीच्या जुन्या भिंती पाडणे आले. आणि तेवढा पैसाही घरात नव्हता. “भिंती गेल्या म्हणजे घर कोणतं राहिलं रे?” एवढेच आजी बोलली. तेव्हा वडील, काका आणि आम्ही भावंडे यांनी घर आपल्याच हातांनी शाकारावयाचे ठरविले.

आमच्या छपरावर मंगळुरी कौले आहेत. अशी कौले करण्याचा कारखाना बाझेल मिशनच्या लोकांनी 1865 साली मंगळुरात काढला. पुढे ही कौले सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर आणि घाटमाथ्यावर पसरली. त्यांची रचना मोठी शहाणपणाची आहे. कौलाच्या पाठीवरील उंचवटे रिपेला अडकतात, एकाची कड शेजारच्याच्या खाचेत बसते आणि वरच्या ओळीचे टोक खालच्या ओळीवर येते. छप्पर पाण्याला अडवीत नाही, तर वळचणीपर्यंत वाट काढून देते, हे आम्हांस कामाला हात घातल्यावरच नीट उमगले.

गुढीपाडवा होताच आम्ही हिशेब मांडला. दोन्ही पाखी मिळून सुमारे 80 चौरस मीटर. एका चौरस मीटरला साधारण 15 कौले. म्हणजे एकूण 1200. एक कौल अडीच किलोचे धरले, तरी 3 टन ओझे ते वासे मुकाट्याने वाहत होते! गावातील एक वृद्ध गवंडी आजोबा अंगणात बाजेवर बसून आम्हांस मार्ग दाखवीत. “पोरांनो, एक पाखं मोकळं आणि दुसरं भरलेलं ठेवू नका, घर कलेल,” असे त्यांनी बजावले. म्हणून दोन्ही बाजूंची कौले आम्ही बरोबरीने, आढ्याकडून खाली उतरवीत गेलो. वर चढणाऱ्याने कंबरेला दोर बांधावा, पाय कौलाच्या मधोमध न देता खाली वासा असेल तेथेच द्यावा आणि ओल्या छपरावर कोणी जाऊ नये, हे नियम त्यांनी कधीही मोडू दिले नाहीत.

उतरविलेले प्रत्येक कौल बोटाने वाजवून पाहण्याचे काम आम्हां धाकट्यांकडे होते. खणखणीत वाजले तर चांगले. बद्द वाजले तर त्यात चीर आहे असे समजावे. शंभरावर कौले बाद झाली. शेजारच्या गावी एक जुने घर नुकतेच पाडले होते. तेथून तेवढी कौले मिळाली. एका घराचे छप्पर गेले आणि त्यातील काही आमच्या छपरात नांदावयास आले. नव्या रिपांना काकांनी काजूच्या टरफलांचे काळे तेल दिले. त्याने वाळवी दूर राहते. मात्र ते कातडीला भाजते, म्हणून आम्हांस त्याच्या आसपासही फिरकू दिले नाही.

सायंकाळपर्यंत झाकता येईल तेवढाच भाग सकाळी उघडावयाचा, असा आमचा क्रम होता. एकदा दुपारीच वळवाचे ढग दाटले. घरातील झाडून सारी माणसे रांगेत उभी राहिली आणि कौले हातोहात वर गेली. वळचणीपासून आढ्यापर्यंत ओळी चढल्या आणि शेवटची ताडपत्री ओढून होते न होते तोच सरी कोसळल्या. धान्याच्या कणग्या कोरड्या राहिल्या.

आजोबांनी सांगितलेली एक गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली आहे. पूर्वी कुंभाराने केलेली नळीची कौले असत. वाऱ्याने, वानरांनी ती सरकत. त्यामुळे दर वर्षी मृगापूर्वी शाकारणी करावीच लागे आणि त्या निमित्ताने प्रत्येक वासा हाताखालून जाई. मंगळुरी कौलांनी ते कष्ट वाचविले. पण त्यांबरोबर वर्षातून एकदा छपराची विचारपूस करण्याची रीतही मागे पडली. सोय वाढली म्हणजे निगा राखण्याची सवय सुटते. हे केवळ छपरापुरते खरे आहे काय?

त्या पावसाळ्यात माजघरात एक थेंबही पडला नाही. आता दर वर्षी वैशाखात एक दिवस आम्ही शिडी लावतो, दोन-चार कौले उचलतो आणि रिपा ठोकून पाहतो. घर वाडवडिलांकडून मिळते हे खरे. पण त्याची सावली मात्र प्रत्येक पिढीला आपल्या हातांनी नव्याने मिळवावी लागते.