पाचर

आमच्या घरात गेल्या वर्षी एका वस्तूवरून जेवढी चर्चा झाली, तेवढी माझ्या बारावीच्या निकालावरूनही झाली नव्हती. वस्तू म्हणाल तर अगदी लहान. ॲल्युमिनियमची कडी; करंगळी जेमतेम शिरेल एवढी, आणि कडेला जराशी निमुळती. अशा चार कड्या दादाने मागवल्या आणि त्यांच्यापायी अर्धा पगार मोजला. आईने त्या तळहातावर घेऊन पाहिल्या आणि निरागसपणे विचारले, "चांदीच्या आहेत का रे?"

दादा हसला नाही. मोटारीच्या बाबतीत तो हसत नाही.

या कड्यांचे प्रकरण समजायचे तर आधी आमच्या आबांविषयी सांगायला हवे. आबांनी तीस वर्षे एस.टी. चालवली. साताऱ्याहून निघणाऱ्या बहुतेक घाटांत त्यांची लाल गाडी चढली आणि उतरली. निवृत्त झाल्यावर ते मोटारींविषयी फारसे बोलत नाहीत, पण दुसऱ्याच्या गाडीत बसले की त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधतो. दादाने कर्ज काढून एक वापरलेली मोटार घेतली, तेव्हा पहिल्या रविवारी तो सगळ्यांना कासला घेऊन गेला. यवतेश्वरचा घाट उतरताना आबा एवढेच म्हणाले, "गाडी पुढून सैल वाटते. दाखवून घे."

झाले! घेतलेल्या वस्तूला बापाने पहिल्याच दिवशी नाव ठेवले, हे दादाच्या मनाला फार लागले. त्याने चाकांचे अलाइनमेंट तपासून आणले. सगळे बरोबर निघाले. तो कागद त्याने आबांच्या पुढ्यात ठेवला. आबांनी चष्मा लावून तो वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "बरं." पण त्यानंतर ते त्या गाडीत बसले नाहीत. महिन्याकाठी रक्तदाब तपासायला दवाखान्यात जायचे तरी ते स्टँडवर जाऊन एस.टी.ने जात. दादा दारात गाडी पुसत उभा असे आणि आबा पिशवी घेऊन त्याच्या बाजूने निघून जात. आई दोघांचे डबे भरी आणि काही बोलत नसे.

आणि मग आठ महिन्यांनी या कड्या आल्या.

त्या कशासाठी असतात, हे मला दादाने जेवणाच्या ताटावर वाटी-चमचा मांडून समजावले. आबांच्या बसला चासी होती. म्हणजे दोन लांब लोखंडी तुळया, आणि त्यांवर बाकीचा सगळा संसार. आजच्या बहुतेक छोट्या मोटारींना अशी वेगळी चासी नसते. पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा. इंजिनाचा भार, स्टेअरिंगची रॅक आणि चाकांना धरणारे खालचे हात पुढच्या बाजूला एका आडव्या चौकटीवर बसवतात. तिला सबफ्रेम म्हणतात. ही चौकट मोठ्या बोल्टांनी अंगाला आवळलेली असते. दादाच्या गाडीत असे बोल्ट चार. कारखान्यात जोडणी अडू नये म्हणून बोल्टाची भोके बोल्टापेक्षा किंचित मोठी ठेवतात. साहजिकच बोल्टाभोवती थोडी फट उरते आणि चौकट तेवढी इकडे किंवा तिकडे बसू शकते. ही कडी त्या फटीत बसते. धातू मऊ, बोल्ट आवळला की ती दबते, फट भरून काढते आणि चौकट मधोमध आणते. जपानमध्ये होंडाच्या गाड्यांवर काम करणाऱ्या स्पून स्पोर्ट्स या मंडळींनी 'रिजिड कॉलर' या नावाने ही युक्ती शौकिनांत पसरवली. दादाच्या कड्या त्यांच्या नव्हेत, त्याच धर्तीवर दुसऱ्या कुणी बनवलेल्या.

आबा पलीकडे भाकरी कुस्करत होते. ते आईकडे पाहून म्हणाले, "म्हणजे पाचरच की. कुदळीचा दांडा हलायला लागला की मारतात ती."

दादाने वाटी-चमचा उचलून मोरीत नेऊन ठेवला.

कड्या बसवून आणल्या त्या संध्याकाळी दादा उजळलेल्या चेहऱ्याने घरात आला. गाडी पार बदलली म्हणाला. वळणावर स्टेअरिंग फिरवताच पुढचे तोंड वळते, मध्ये थांबत नाही. खड्ड्यातला तो बोदा आवाजही गेला. मला त्याचा आनंद दिसत होता. पण मी त्या वर्षी मानसशास्त्राचे प्रात्यक्षिक करत होते, आणि नव्याने शिकलेल्या विद्येला दम नसतो. मी म्हणाले, "दादा, अर्धा पगार मोजल्यावर कुणाला फरक जाणवणार नाही?"

माझ्या डोक्यात दोन गोष्टी घोळत होत्या. एक बर्लिनच्या घोड्याची. विसाव्या शतकाच्या आरंभी फॉन ऑस्टेन नावाच्या गृहस्थांचा घोडा बेरजा करतो म्हणून गाजला होता. खूर आपटून तो उत्तर देई. 1907 साली ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने दाखवले की घोड्याला गणित येत नव्हते. विचारणाऱ्याला उत्तर माहीत असे, आणि बरोबर आकड्यावर त्याची मान नकळत किंचित हले; घोडा तेवढे पाहून थांबे. लबाडी कुणाचीच नव्हती. दुसरी गोष्ट इंग्लंडमधल्या चहाची. रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात म्युरियल ब्रिस्टल या बाई म्हणाल्या की कपात आधी दूध घातले की आधी चहा, हे मला चवीवरून कळते. रोनाल्ड फिशर यांनी त्यावरून एक प्रयोग रचला आणि 1935 सालच्या आपल्या पुस्तकात तो मांडला. आठ कप, चार एका रीतीचे, चार दुसऱ्या रीतीचे. चार कप निवडण्याच्या रीती 70. म्हणजे नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक.

चहाच्या जागी मोटार ठेवायची, एवढेच मला करायचे होते. दादा एका क्षणात तयार झाला. "होऊन जाऊ दे," तो म्हणाला, "आबांनाही कळू दे."

गॅरेजच्या मिस्त्रींना मी योजना सांगितली तेव्हा त्यांनी कान खाजवला. "ताई, धातू मऊ आहे. सारखी काढघाल सोसणार नाही. सहा वेळा करू, त्यावर नाही." तेव्हा सहा ठरल्या. तीन रविवार, दर रविवारी दोन फेऱ्या. दर वेळी मिस्त्रींनी आतल्या खोलीत नाणे उडवायचे. छापा आला तर कड्या घालायच्या, काटा आला तर काढून ठेवायच्या, आणि वहीत लिहायचे. दोन्ही वेळा चारही बोल्ट ढिले करायचे आणि टॉर्क रेंचने कंपनीच्या पुस्तकातल्या मापाइतकेच आवळायचे, म्हणजे आवाजावरून किंवा वेळेवरून काही कळायला नको. मिस्त्रींनी दादासमोर यायचे नाही. किल्ली पोऱ्याने आणून द्यायची, आणि त्यालाही काही ठाऊक नसावे. घोड्याची गोष्ट मी विसरले नव्हते. सकाळी थंड टायरांत सारखीच हवा, तोच घाट, चाळीसच्या पुढे काटा जाऊ द्यायचा नाही. कासच्या फुलांचा हंगाम संपला होता, त्यामुळे पहाटे रस्ता मोकळा असे. सहाच्या सहा वेळा नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता चौसष्टात एक. दादाला सहा आले असते, तर मी त्याची जाहीर माफी मागणार होते.

पहिल्या दोन रविवारी दादाने चार उत्तरे दिली. प्रत्येक वेळी तो घाटातून खाली येऊन गाडी बंद करी, क्षणभर डोळे मिटी आणि ठामपणे सांगे, "आहेत," किंवा "नाहीत." मी मागच्या सीटवर वही घेऊन बसलेली. त्याचा ठामपणा पाहून मलाच शंका येऊ लागली की आपण उगाच शहाणपण करतो आहोत.

तिसऱ्या रविवारी पहाटे आम्ही निघालो तर आबा दारात स्वेटर घालून उभे. "मीही येतो," ते म्हणाले. दादा काही बोलला नाही. त्याने मागचे दार उघडून धरले. आबा बसले. आठ महिन्यांहून अधिक काळानंतर ते त्या गाडीत बसत होते, आणि कुणीच त्याविषयी अवाक्षर काढले नाही.

दोन्ही फेऱ्यांत आबा पाठ टेकून, हात मांडीवर ठेवून शांत बसले होते. डोळे मिटलेले. दादाने आपली उत्तरे दिली. मी आबांना विचारले, "आबा, तुम्हाला काय वाटतं? कोणत्या फेरीत होत्या?"

"मला दोन्ही फेऱ्या सारख्याच वाटल्या," आबा म्हणाले. मग थोडे थांबून, "पण त्या दिवशीची गाडी ही नव्हं. तवा पुढून सैल होती. आता नाही."

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी वही उघडली. दादाच्या सहा उत्तरांपैकी तीन बरोबर होती. शेवटच्या रविवारी एका फेरीत कड्या होत्या, एका फेरीत नव्हत्या.

तीन! नाण्यानेच उत्तरे दिली असती तरी साधारण एवढीच आली असती. मी हे ऐकले आणि खरे सांगते, पहिल्या क्षणी मला आनंद झाला. मग माझे लक्ष दादाच्या चेहऱ्याकडे गेले. तो वहीकडे पाहत होता. परीक्षेत नापास झालेला मुलगा फलकावर पुन्हा पुन्हा आपला नंबर शोधतो, तसा. त्या आनंदाची मला आजही लाज वाटते. पंचतंत्रातल्या माकडाने अर्धवट कापलेल्या ओंडक्यातली पाचर उपटली, तेव्हा त्यालाही क्षणभर असेच वाटले असेल.

पण आबांच्या बोलण्याने एक कोडे शिल्लक राहिले होते. कड्या असोत की नसोत, गाडी पूर्वीपेक्षा चांगली कशी? मी मिस्त्रींना विचारले. ते सहज म्हणाले, "पहिल्यांदा कड्या घालायला खोललं ना, तेव्हा चारातले दोन बोल्ट हातासरशी सुटले. आधीच्या मालकाच्या वेळी कुणीतरी क्लचच्या कामासाठी सबफ्रेम उतरवली असणार आणि नीट आवळली नसणार. मी मापानं आवळले. त्यात सांगण्यासारखं काय?"

मिस्त्रींच्या लेखी ते खरेच सांगण्यासारखे नव्हते. आमच्या घरात मात्र आठ महिने अबोला त्यावर उभा होता.

विचार केला तर सगळे सरळ आहे. नीट आवळलेला बोल्ट दोन पत्र्यांना एवढ्या जोराने दाबून धरतो, की त्यांच्यातले घर्षणच चौकट जागची हलू देत नाही. मग भोवती फट असली तरी बिघडत नाही. बोल्ट ढिला असला की ते घर्षण कमी पडते आणि वळणावर चौकट सरकू लागते. आबांना जाणवले ते हे. अलाइनमेंटच्या यंत्रावर गाडी जागीच उभी असते, म्हणून कागदावर ते उमटले नाही. आणि कड्या घातल्याच्या दिवशी दादाला जाणवलेला फरक हाही भ्रम नव्हता. फरक खरा होता. त्याचे श्रेय तेवढे चुकीच्या वस्तूला गेले होते. एका वेळी दोन गोष्टी केल्या, कड्या घातल्या आणि बोल्ट आवळले, आणि जिच्यासाठी पैसे मोजले तिचेच नाव लक्षात राहिले.

कड्या निरुपयोगी आहेत, असे मात्र मी म्हणणार नाही. सहा फेऱ्यांवरून तसे म्हणता येत नाही. सहामध्ये सापडत नाही असा बारीक फरक साठ फेऱ्यांत सापडेल कदाचित. शर्यतीच्या मैदानावर टायर सुटण्याच्या बेतात असताना जे कळेल, ते चाळीसच्या वेगाने यवतेश्वर उतरताना कळणार नाही. शिवाय काढघाल करून आमच्या कड्या शेवटी दबल्याही होत्या; तो प्रयोगातला दोषच. एवढेच म्हणता येईल, की आमच्या रस्त्यावर, आमच्या वेगाने, दादाच्या हातांना त्या ओळखता आल्या नाहीत.

परतताना बराच वेळ कुणी बोलले नाही. मग दादाने आरशात पाहून विचारले, "आबा, तुम्हाला तेव्हा कळलं कसं?"

"हातात स्टेअरिंग नव्हतं ना," आबा म्हणाले. "चालवणाऱ्याला गाडी कळत नाही एवढी. तो सांभाळून घेत असतो. बसणाऱ्याच्या पाठीला कळतं." आणि थोड्या वेळाने, "पण मी तुला नीट सांगायला पाहिजे होतं. नुसतं सैल म्हणालो."

"मीही नीट विचारलं नाही," दादा म्हणाला.

त्या दिवशी माझ्या वहीत ही दोन वाक्ये मी लिहिली नाहीत. प्रयोगाच्या तक्त्यात त्यांना रकाना नव्हता.

कड्या दादाने पुन्हा बसवून घेतल्या. पैसे दिले आहेत, गाडीतच राहू देत, म्हणाला. मी विरोध केला नाही. पुढच्या महिन्यात आबांची दवाखान्याची तारीख आली. सकाळी ते पिशवी घेऊन बाहेर आले. दादा गाडी पुसत होता. आबांनी पुढचे डावे दार उघडले, पिशवी पायाशी ठेवली आणि बसले.

"हळू घे," ते म्हणाले, आणि त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधू लागला.